शंटिंगचे छोटे इंजिन आणि चांद्याचे रूळ

🧵 १/
लांबी अवघी ११७ मिलिमीटर, चाके सहा, चालकाची खोली एका टोकाला आणि पुढे लांबट चौकोनी पेटीसारखे बॉनेट. ब्रिटिश रेल्वेच्या जुन्या डिझेल शंटिंग इंजिनाची ही प्रमाण-प्रतिकृती सहा दशकांहून अधिक काळ ब्रिटनमधील दुकानांत विकली जात आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ज्या इंजिनांनी कोळसा, साग आणि बांबू हलवला, त्यांची प्रतिकृती मात्र अशी सहज हाती लागत नाही. कोणत्या यंत्राची आठवण जपली जाते, कोणत्याची पुसली जाते आणि का, हा या धाग्याचा विषय आहे.

२/
प्रथम शब्दाचा अर्थ. मालगाडी आयती तयार होत नाही. खाणीतून आलेल्या भरलेल्या वाघिणी, दुरुस्तीला काढलेला डबा, मालधक्क्यावर रिकाम्या झालेल्या वाघिणी, या सगळ्यांची यार्डात फाटाफूट आणि पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. याच कामाला शंटिंग म्हणतात. शंटिंगचे इंजिन दिवसभर मागे-पुढे होत राहते. पण त्याचा प्रवास यार्डाच्या हद्दीतच संपतो. वेळापत्रकात त्याला स्थान नसते, त्याला नाव नसते, त्याचे तिकीट कोणी काढत नाही. रेल्वेच्या इतिहासलेखनात ते मागे पडले, याचे पहिले कारण हेच.

३/
वाफेचे इंजिन या कामाला मुळात गैरसोयीचे होते. थंड बॉयलरमध्ये कामापुरती वाफ धरायला काही तास लागतात. त्यानंतर पुढच्या वाघिणी येईपर्यंत इंजिन नुसते उभे राहिले, तरी भट्टीत कोळसा जळतच राहतो. पाणी भरणे, राख काढणे, भट्टी साफ करणे यांत पाळीचा बराच वेळ जातो. लांब पल्ल्याच्या गाडीत हा खर्च प्रवासावर वाटला जातो. यार्डात तो थांबण्यावरच होत असे. डिझेल इंजिनाने रेल्वेत पहिला पक्का पाय रोवला तो मेल-एक्स्प्रेसच्या मार्गावर नव्हे, तर ब्रिटनमध्ये याच कोपऱ्यातल्या यार्डांत. त्यामागचे गणित हे होते.

४/
ब्रिटनच्या लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने १९३० च्या दशकाच्या आरंभी डिझेल शंटरचे प्रयोग सुरू केले. तिच्या पहिल्या डिझेल इंजिनासाठी एका जुन्या वाफेच्या इंजिनाचेच काही भाग वापरले गेले. दशकाच्या मध्यावर इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे ३५० अश्वशक्तीचे यंत्र बसवलेली इंजिने आली आणि आराखडा स्थिरावला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच कुळातून ‘क्लास ०८’ जन्मला. १९५२ ते १९६२ या काळात या वर्गाची ९९६ इंजिने बांधली गेली आणि त्यांतली काही आजही कामात आहेत.

५/
या यंत्राची रचना समजली की प्रतिकृती वाचता येते. पुढच्या पेटीत सहा सिलिंडरांचे डिझेल यंत्र, त्याला जोडलेले वीजजनित्र. ती वीज दोन विद्युत मोटारींना मिळते, मोटारी दातेरी चक्रांमार्फत आस फिरवतात आणि बाहेरचे लोखंडी दांडे सहाही चाकांना एकत्र बांधतात. वजन सुमारे ४९ टन. कमाल वेग ताशी १५ ते २० मैलांचाच. वेगाचा मोह सोडून ओढण्याची ताकद मिळवलेले हे इंजिन आहे. चाके दांड्यांनी जखडलेली असल्यामुळे एकच चाक घसरून फिरण्याची शक्यता कमी होते. थांबलेल्या जड रांगेला पहिला हिसका देताना हीच गोष्ट कामाला येते.

६/
मग हे इंजिन भारतात सर्वत्र का दिसले नाही? ब्रिटिश डिझेलचा भारतातला आरंभच डळमळीत होता. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कंपनीची १२०० अश्वशक्तीची दोन इंजिने नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने कराची-लाहोर मार्गासाठी घेतली. ती फार काळ टिकली नाहीत. शिवाय येथे कोळसा देशातलाच होता, मनुष्यबळ स्वस्त होते आणि वाफेच्या इंजिनांचे कारखाने, सुटे भाग व जाणते कारागीर हाताशी होते. डिझेल तेल मात्र बाहेरून आणायचे. यार्डात काही कोळसा वाया गेला, तरी हिशेब वाफेच्याच बाजूने झुकत असे.

७/
हा हिशेब युद्धाने बदलला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची पंधरा डिझेल शंटिंग इंजिने भारतात आली. पुढे त्यांनाच ‘डब्ल्यूडीएस-१’ हे नाव मिळाले. ब्रॉडगेजवर डिझेल रुळले ते या अमेरिकी शंटरांपासून. ब्रिटिश कारखान्यांना संधी मिळाली ती दुसरीकडे: १९५५-५६ मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची मीटरगेज डिझेल इंजिने कच्छमधल्या गांधीधामला पोहोचली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात चित्तरंजनच्या कारखान्याने ‘डब्ल्यूडीएस-४’ बांधायला घेतले. त्याची वंशावळ जर्मन होती. परंतु सहा चाके, बाहेरचे दांडे आणि मंद वेग ही शंटरची लक्षणे त्यात तीच होती.

८/
आता चांद्याकडे. या भागात रेल्वे आली ती प्रवाशांसाठी नव्हे, कोळशासाठी. वर्धा नदीच्या खोऱ्यातील दगडी कोळसा गोंडवाना काळातला आहे. भूगर्भशास्त्राने जगभर रूढ केलेले हे नाव मुळात गोंडांच्या प्रदेशावरून घेतलेले आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १८७१ मध्ये सुरू झाली. तिचा कोळसा मुंबई-नागपूर मार्गापर्यंत पोहोचवण्यासाठी त्याच दशकात वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत सुमारे ७० किलोमीटरचा फाटा टाकला गेला. त्याचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ असे होते. रुळांचा हेतू नावातच सांगितलेला होता.

९/
वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. पण तोवर कोळशाचा शोध दक्षिणेकडे सरकला होता. बल्लारपूरला नवी खाण उघडली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी रूळ वरोऱ्याहून चांदा ओलांडून बल्लारशाहपर्यंत गेले. गोंड राजांच्या जुन्या राजधानीचे हे ठिकाण आता एका कोळसा-फाट्याचे शेवटचे टोक झाले. खाण संपली म्हणून फाटा उखडला गेला नाही, उलट तो वाढला. एका खाणीचे आयुष्य पस्तीस वर्षांचे ठरले. तिच्यासाठी टाकलेला मार्ग आजही देशाच्या मुख्य मार्गांपैकी एक आहे.

१०/
हे घडले १९२९ मध्ये. निजामाच्या राज्यातील काझीपेठ आणि बल्लारशाह यांमधला दुवा त्या वर्षी पूर्ण झाला. दिल्ली आणि मद्रास थेट मध्य भारतातून जोडली गेली आणि ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस याच वर्षी सुरू झाली. ब्रिटिश हद्दीतील ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि निजामाची रेल्वे यांचा सांधा बल्लारशाहला पडला. आजही मध्य रेल्वेची हद्द येथे संपते आणि दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते. एके काळची राजकीय सीमा रेल्वेच्या नकाशावर प्रशासकीय सीमा होऊन उरली आहे.

११/
हद्द जिथे बदलते तिथे गाडी थांबते. इंजिन बदलते, कर्मचारी बदलतात, डब्यांची तपासणी होते. त्यात जवळच्या खाणींतून येणाऱ्या वाघिणी मिसळल्या की शंटिंग हे त्या ठिकाणचे रोजचे कामच होऊन बसते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीने त्यात बांबूची भर घातली. आलापल्लीच्या सागासाठी प्रसिद्ध असलेल्या या वनप्रदेशाचा मोठा लाकूड-डेपोही बल्लारशाहलाच. जमिनीखालचा कोळसा आणि जमिनीवरचे जंगल, दोघांचाही बाहेर जाण्याचा दरवाजा एकच होता.

१२/
या दरवाज्याला शेजारी एक छोटी खिडकीही होती. बंगाल नागपूर रेल्वेने १९०८ ते १९१३ या काळात गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट आणि नागपूर-नागभीड हे मार्ग अरुंद रुळांवर उभारले. दोन रुळांमधले अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचे १६७६. कमी रुंदीचा मार्ग कमी खर्चात होतो, त्याला तीव्र वळणे चालतात, हलके रूळ पुरतात. जिथून फारशा उत्पन्नाची आशा नव्हती अशा जंगल आणि भातशेतीच्या मुलुखासाठी कंपनीने केलेली ही काटकसर होती. ‘चांदा’चे ‘चंद्रपूर’ झाले. चांदा फोर्ट स्थानकाने मात्र जुने नाव टिकवले.

१३/
गडचिरोलीच्या दृष्टीने हा अरुंद मार्ग अधिकच मोलाचा ठरतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच्या वाट्याला एकच रेल्वे स्थानक आले: देसाईगंजचे वडसा. तेही या गोंदिया-चांदा फोर्ट मार्गावर. दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाखाली असलेल्या या जिल्ह्याचा रेल्वेशी असलेला सारा संबंध एका अरुंद रुळावर लोंबकळत होता. हा मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. वडशाहून गडचिरोलीला जाणाऱ्या नव्या मार्गाचे काम सुरू आहे.

१४/
अरुंद मार्गाची खरी किंमत सांध्यावर मोजावी लागे. दोन वेगळ्या रुंदीचे रूळ जिथे भेटतात तिथे वाघीण पुढे जाऊ शकत नाही. एका वाघिणीतला माल उतरवून दुसरीत भरावा लागतो. प्रत्येक पोते, प्रत्येक ओंडका पुन्हा माणसाच्या खांद्यावर. बांधकामात वाचवलेला पैसा असा वर्षानुवर्षे हमालांच्या श्रमातून आणि विलंबातून वसूल होत राहिला. रूळरुंदी हा अभियंत्याच्या कागदावरचा एक आकडा. त्याचा भार मात्र फलाटावरच्या पाठींनी वाहिला.

१५/
येथून पुन्हा प्रतिकृतीकडे वळणे क्रमप्राप्त आहे. कारण तिथेही सारा पेच रूळरुंदीचाच आहे. पहिल्या महायुद्धानंतर टेबलावर मावतील अशा छोट्या गाड्यांची मागणी वाढली. युरोपात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर हे प्रमाण रुळले. त्याला ‘एचओ’ म्हणतात आणि ते सुमारे १:८७ येते. रूळरुंदी ठरली १६.५ मिलिमीटर. ब्रिटनची खरी इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. तेवढ्या छोट्या प्रतिकृतीत त्या काळची विद्युत मोटार मावेना.

१६/
तोड निघाली ती अशी: इंजिनाचे अंग फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे १:७६.२ या मोठ्या प्रमाणात करायचे. रूळ मात्र तेच १६.५ मिलिमीटरचे ठेवायचे. हेच ‘ओओ’ प्रमाण. १९३८ च्या हॉर्नबी डब्लोने ते ब्रिटनमध्ये घरोघरी नेले. या प्रमाणात ब्रिटिश रूळ खरे तर १८.८३ मिलिमीटर हवेत. म्हणजे ब्रिटनमधील सर्वांत लोकप्रिय प्रतिकृती आठ दशकांहून अधिक काळ खऱ्याच्या मानाने अरुंद रुळांवर धावत आहे. खऱ्या मापात ही तूट सुमारे १७८ मिलिमीटर भरते. मोटारीच्या अडचणीतून झालेली तडजोड नंतर परंपरा बनली.

१७/
आता हीच मोजपट्टी बल्लारशाहला लावावी. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. ओओ प्रमाणात ते २२ मिलिमीटर होते, एचओ प्रमाणात १९.२६. बाजारात मिळणारे तयार रूळ १६.५ मिलिमीटरचेच. एचओ प्रमाणातले भारतीय इंजिन त्यांवर उभे केले की रुळांची रुंदी खऱ्याच्या एक-सप्तमांशाने कमी पडते. भारतीय इंजिन पाहताना डोळ्यांत भरते ती त्याची रुंद बैठक. प्रतिकृतीत नेमकी तीच हरवते. जगाचे तयार रूळ ब्रिटन-युरोपच्या मापाने घडले आहेत, आणि भारतीय गाडीला त्या मापात अंग चोरून बसावे लागते.

१८/
चांदा फोर्टच्या अरुंद मार्गाचे गणित मात्र चकित करणारे आहे. ७६२ भागिले ८७, उत्तर ८.७६ मिलिमीटर. बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सर्रास मिळतात. फरक पाव मिलिमीटरहून कमी, तीन टक्क्यांच्या आत. दिल्ली-चेन्नई या महामार्गाची प्रतिकृती तयार रुळांवर चुकीची ठरते. नागभीडच्या भातखाचरांमधून जाणाऱ्या दुर्लक्षित मार्गाची जवळजवळ बिनचूक होते. ज्या मार्गाला रेल्वेने दुय्यम मानले, तोच छोट्या मापात अधिक प्रामाणिकपणे उभा राहू शकतो.

१९/
माप लहान करताना सारेच एका प्रमाणात लहान होत नाही. लांबी ७६ पटींनी घटली तर वजन ७६ च्या घनाने घटते. क्लास ०८ चे ४९ टन या न्यायाने केवळ ११० ग्रॅमच्या आसपास येतात! इतके हलके इंजिन रुळांवर पकड धरीत नाही, म्हणून प्रतिकृतीच्या पोटात धातूचा जादा भार ठेवावा लागतो. वेगाचेही तसेच: खऱ्या शंटरचा ताशी १५ मैलांचा कमाल वेग प्रतिकृतीत सेकंदाला जेमतेम ९ सेंटिमीटर. शंटिंगची प्रतिकृती गोगलगाईसारखी चालली तरच खरी. म्हणूनच मोटारीचा आणि कारागिराच्या संयमाचा कस तिच्यात लागतो.

२०/
लांबीचा प्रश्न आणखी अवघड आहे. सुमारे ६५० मीटर लांबीची पूर्ण कोळसागाडी एचओ प्रमाणात साडेसात मीटरची होते. एवढी खोली सामान्य घरात नसते. मग पंधरा-वीस वाघिणींवर भागवावे लागते, यार्डाच्या रेषा कमी कराव्या लागतात, स्थानक आक्रसावे लागते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हा निर्णय प्रतिकृतिकार घेतो. इतिहासकारही तोच घेत असतो. कोळशाचा ढीग ठेवून हमाल गाळला, तर प्रतिकृती सुबक होईल, पण बल्लारशाह खोटे पडेल.

२१/
कारण यार्ड हे मुळात माणसांच्या कामाचे ठिकाण. इंजिन फक्त ढकलते. सांधा कोणत्या बाजूला वळवायचा, वाघीण कुठे तोडायची, किती हळू यायचे, हे ठरते जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांच्या झेंडीने आणि कंदिलाने. सांधेवाला दोन डब्यांच्या बफरांमध्ये शिरून जड कडी अडकवतो. त्या क्षणी इंजिन हातभर जास्त सरकले, तर त्याच्या जिवावर बेतते. चालकाला तो दिसत नाही. दोघांमधला विश्वास केवळ खुणांवर चालतो. शंटिंग इंजिनाची मंद गती हा म्हणून यंत्राचा दुबळेपणा नव्हे. कडी अडकवणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेसाठी ती आवश्यक आहे.

२२/
महाराष्ट्रात या छंदाला प्रतिष्ठा मिळवून देणारे नाव पुण्यातले. भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून कोथरूडमध्ये आहे. सिग्नल, सांधे, पूल, वस्ती यांसह चालते-फिरते रेल्वेविश्व तिथे पाहता येते. नागपूरच्या मोतीबागेत अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय २००२ पासून आहे. तिथे खरी यंत्रे भेटतात. एका ठिकाणी रेल्वे कशी चालते ते कळते, दुसऱ्या ठिकाणी ती कशाची बनली होती ते. चांद्याच्या रुळांचा अभ्यास करणाऱ्याला दोन्हींची गरज आहे.

२३/
ब्रिटिश शंटरची प्रतिकृती इतकी बिनचूक का होते? कारण त्याचे कारखान्यातले आराखडे जपले गेले, छायाचित्रे काढली गेली, प्रत्येक इंजिनाचा क्रमांक आणि आगार हौशी माणसांनी वहीत टिपून ठेवले. निवृत्त इंजिने संस्थांनी विकत घेऊन चालती ठेवली. प्रतिकृती हे या साऱ्या नोंदींचे शेवटचे फळ. नोंद नसेल तर प्रतिकृती होत नाही, आणि मग पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर त्या यंत्राचे रूपच उरत नाही. स्मृतीतील विषमता बहुतेक वेळा अशीच घडते: द्वेषातून क्वचित, नोंदीच्या अभावातून वारंवार.

२४/
वेळ फार उरलेला नाही. नागपूर-नागभीड हा सुमारे १०६ किलोमीटरचा अरुंद मार्ग नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाला. चित्तरंजनमध्ये बांधलेल्या ‘झेडडीएम-४ए’ डिझेल इंजिनांची तेथली फेरी त्याबरोबर संपली. रुंद रूळ ही त्या गावांची जुनी मागणी होती आणि ती रास्त होती. मालाची दुहेरी हमाली कोणालाच नको होती. पण मार्ग बदलणे आणि त्याची नोंद पुसली जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला विकास म्हणता येईल, दुसरीला नाही.

२५/
करता येण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. जुन्या स्थानकाच्या इमारतीची परवानगी घेऊन मापे घ्यावीत. छायाचित्र काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी. फलाटाची उंची, कौलांचा प्रकार, नावाच्या पाटीवरील अक्षरांचे वळण टिपावे. वडसा, नागभीड, मूल, ब्रह्मपुरी येथील निवृत्त सांधेवाले, गार्ड, हमाल यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. घरोघरच्या जुन्या अल्बममध्ये गाडीसमोर काढलेली छायाचित्रे असतात; त्यांच्या पार्श्वभूमीत कुठे तरी एखादे इंजिन, एखादी वाघीण उभी असते. इतिहासाचे साधन तेच.

२६/
चंद्रपूरच्या रेल्वेचा इतिहास बहुधा ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसच्या खिडकीतून सांगितला जातो: दिल्लीहून निघालेली, मद्रासला जाणारी, वाटेत बल्लारशाहला थांबणारी गाडी. शंटिंगच्या इंजिनावरून पाहिले की दृश्य पालटते. बल्लारशाह हे वाटेतले स्थानक राहत नाही. कोळसा, साग, बांबू, दोन राज्यांची हद्द आणि दोन रुंदींचे रूळ यांचा परिसरातला हिशेब जिथे जुळत असे, ते केंद्र ठरते. बारा सेंटिमीटरची एक परदेशी प्रतिकृती हातात घेऊन विचारायचा प्रश्न म्हणून एवढाच: असेच चांद्याचे इंजिन घडवायचे झाले, तर लागणारी मापे आज कोणाकडे आहेत?

(समाप्त)